बुलढाण्याच्या नावाची गदा
महाराष्ट्र केसरी बाला रफिक शेख यांची वाटचाल, आणि वडनेर भोलजीच्या एका घरातला प्रश्न

काही दिवसांपूर्वी वडनेर भोलजीहून एका वडिलांचा फोन आला. "तुम्ही मासिकात लिहिता. आमच्या मुलाला येऊन जरा समजवा. त्याला मारामारीचा धंदा करायचाय म्हणे," एवढेच ते बोलले. आवाजात राग कमी होता, काळजी जास्त होती. आम्ही जायचे ठरवले.

वडनेर भोलजी हे नांदुरा तालुक्यातले, मुंबई-कोलकाता महामार्गावरचे गाव. रात्रंदिवस ट्रक धावत असतात. या भाईंचे महामार्गाला लागूनच टायर-पंक्चरचे दुकान आहे. मुलगा सतरा वर्षांचा, बारावीत शिकणारा. उंची सहा फूट, वजन १०४ किलो. ट्रकचे टायर तो एकटा उचलून ठेवतो. रात्री मोबाइलवर खबीबच्या लढती पाहतो. त्याला 'एमएमए'चा हेवीवेट लढवय्या व्हायचे आहे.

चहा झाला तशी त्याची अम्मी बोलू लागली. "खुराक वाढवा म्हणतो. रोज अंडी, दूध, बदाम, मटण. द्यायला आम्हालाही आवडेल. पण हिचं नर्सिंगचं अ‍ॅडमिशन पण याच वर्षी आहे." मोठी बहीण दारात उभी होती. ती काही बोलली नाही. भावाने मात्र मान खाली घातली.

मग त्याने आम्हाला विचारले, "चाचा, आपल्या भागातलं कोणी एवढं मोठं झालंय का?"

आम्ही म्हणालो, "झालंय. २०१८ ची महाराष्ट्र केसरीची गदा बुलढाणा जिल्ह्याच्या नावावर आली. आणणाऱ्याचं नाव बाला रफिक शेख."

मुलाने हे नाव कधी ऐकले नव्हते. दागिस्तानचा खबीब त्याला पाठ होता, पण आपल्या जिल्ह्याचे नाव पाठीवर घेऊन लढलेला पैलवान माहीत नव्हता. हा लेख त्याच्यासाठी आहे, आणि अशी मुले ज्यांच्या घरात आहेत त्या सगळ्या आई-वडिलांसाठीही.

हा खेळ आहे तरी काय?

एमएमए म्हणजे कुस्ती, बॉक्सिंग, जुदो, किक-बॉक्सिंग अशा अनेक प्रकारांची मिळून केलेली लढत. जाळीच्या पिंजऱ्यात ती होते. ठोसा, लाथ, पट, पेच, गळा आवळणे हे सगळे नियमात बसते. एक फेरी पाच मिनिटांची, साधारण तीन फेऱ्या, आणि किताबासाठी पाच. हेवीवेट गट ९३ किलोच्या वर सुरू होऊन १२० किलोपर्यंत जातो. आपल्या महाराष्ट्र केसरीचा गट ८६ ते १२५ किलोचा. म्हणजे वजनाच्या हिशेबात माणसे तीच.

खेळही पूर्ण परका नाही. पिंजऱ्यातला लढवय्या समोरच्याच्या दोन्ही पायांना मिठी घालून त्याला खाली आणतो, त्याला तालमीत 'दुहेरी पट' म्हणतात. एकाच पायाला धरले तर 'एकेरी पट'. एमएमएमध्ये मोठे झालेले कितीतरी लढवय्ये मुळात कुस्तीगीरच आहेत. कॅनडातील पंजाबी घरातला अर्जन भुल्लर हे त्याचे उत्तम उदाहरण. २०१० च्या दिल्ली राष्ट्रकुल स्पर्धेत १२० किलो गटात त्याने कुस्तीचे सुवर्ण जिंकले, २०१२ मध्ये तो लंडन ऑलिंपिकला गेला, त्यानंतर एमएमएकडे वळला आणि मे २०२१ मध्ये सिंगापूरला 'वन चॅम्पियनशिप'चा हेवीवेट किताब जिंकला. आधी कुस्ती, मग पिंजरा, असा हा क्रम आहे.

थोडे मागे गेले तर हा धागा आपल्या कोल्हापूरपर्यंत येतो. २६ जून १९७६ रोजी टोकियोत मुहम्मद अली आणि जपानी मल्ल अँटोनियो इनोकी यांची लढत झाली. बॉक्सर विरुद्ध मल्ल अशी ही लढत आजच्या एमएमएची नांदी मानली जाते. पंधरा फेऱ्यांनंतर ती बरोबरीत सुटली. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये इनोकी कराचीत अक्रम पैलवानाशी लढला आणि जिंकला. अक्रम हे गामा पैलवानांचे पुतणे, इमामबक्ष यांचे चिरंजीव. आणि हे इमामबक्ष राजर्षी शाहू महाराजांच्या खासबाग मैदानात लढलेले. बाला रफिक शेख घडले ते याच कोल्हापुरात.

खडकीचे घर

बाला रफिक शेख मूळचे सोलापूर जिल्ह्यातल्या करमाळा तालुक्यातील खडकी गावचे. शेतकरी घर. वडील स्वतः पैलवान. अशा घरात मुलगा चालायला लागला की त्याला लंगोट मिळतो आणि पहिले वस्ताद अब्बाच असतात. घरचा आखाडा एवढेच करू शकतो की पाया घालून देतो. पुढे मोठ्या तालमीत पाठवावे लागते.

त्याचे कारण ज्यांच्या घरी पैलवान नाही त्यांना कदाचित माहीत नसेल. साठ किलोच्या मुलाला सरावासाठी गावात दहा जोडीदार मिळतील. शंभर किलोच्या मुलाला शंभर किलोचाच जोड लागतो. तो गावात नसतो, बऱ्याचदा तालुक्यातही नसतो. वजनदार मुलगा हलक्या मुलांशी लढत राहिला तर नुसत्या अंगाच्या भाराने जिंकतो, डाव शिकत नाही. त्याच्यासारखाच भारी गडी समोर आला की मग उघडा पडतो. म्हणून भारी पैलवानाला घर सोडावेच लागते.

बालाने घर सोडले आणि कोल्हापूरची न्यू मोतीबाग तालीम गाठली.

आंदळकरांचा पठ्ठा

तिथे त्यांना गुरू मिळाले हिंदकेसरी गणपतराव आंदळकर. सांगली जिल्ह्यातल्या शिराळा तालुक्यातील पुनवत गावचे आंदळकर १९६० चे हिंदकेसरी. १९६२ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत त्यांनी हेवीवेट गटात ग्रीको-रोमनचे सुवर्ण आणि फ्रीस्टाइलचे रौप्य मिळवले. १९६४ मध्ये ते टोकियो ऑलिंपिकला गेले आणि त्याच वर्षीचा अर्जुन पुरस्कारही त्यांना मिळाला. भारी अंग कसे वाढवायचे आणि वाढलेले कसे हलवायचे, हे स्वतः भोगून शिकलेला माणूस.

तालमीतला दिवस बाहेरच्या माणसाला कंटाळवाणा वाटेल. पहाटे अंधारात उठायचे, फावड्याने आखाडा खणायचा, माती हातांनी मोकळी करायची. तांबड्या मातीत ताक, तेल, हळद, लिंबू मुरवलेले असते. मग जोर, बैठका, सपाट्या, दोर चढणे. मग लढत. दुपारी झोप. संध्याकाळी पुन्हा तेच. मधल्या वेळात खुराक: बदामाची थंडाई, दूध, तूप, अंडी, मटण, फळे. स्वयंपाकही बहुतेक पैलवान स्वतःच करतात. वर्षानुवर्षे हेच. यात रात्री जागून मोबाइल पाहणे बसत नाही, हे आम्ही वडनेरच्या त्या मुलाला मुद्दाम सांगितले.

कोल्हापूरनंतर बाला पुण्याला आले आणि हनुमान आखाड्यात वस्ताद गणेश दांगट यांच्या हाताखाली सराव करू लागले. मातीची कुस्ती आणि गादीची कुस्ती यांत फरक असतो. मातीत पाय रुततो, लढत लांबते, दम लागतो. गादीवर पाय सुटा राहतो, तीन-तीन मिनिटांच्या दोन फेऱ्या आणि प्रत्येक हालचालीला गुण. माती अंगात भिनलेल्या पैलवानाला गादी वेगळी शिकावी लागते. पुण्याचा सराव त्यासाठी होता.

नावे जरा एका ओळीत मांडून पाहा. मुलगा शेख, गुरू आंदळकर, वस्ताद दांगट, आखाडा हनुमानाच्या नावाचा. तालमीत माणसाची ओळख वस्तादाच्या नावाने होते. 'कोणाचा पठ्ठा?' हा तिथला पहिला प्रश्न असतो. आजच्या दिवसांत आपल्या मुलांनी हे पाहायला हवे, आणि शेजारच्या मुलांनीही.

जालन्याचा रविवार

महाराष्ट्र केसरी ही १९६१ पासूनची स्पर्धा. पहिले मानकरी दिनकर दह्यारी. माती आणि गादी अशा दोन विभागांत राज्यभरातले पैलवान लढतात. दोन्ही विभागांचे विजेते शेवटी एकमेकांसमोर येतात आणि जिंकणाऱ्याच्या खांद्यावर चांदीची गदा जाते. प्रत्येक जिल्ह्याला ठरावीक पैलवानच पाठवता येतात. सोलापूर, कोल्हापूर, पुणे अशा जिल्ह्यांत पैलवानांची दाटी असते, त्यामुळे तिथले अनेक जण दुसऱ्या जिल्ह्यांकडून उतरतात. बाला रफिक उतरले ते बुलढाणा जिल्ह्याकडून.

२०१८ ची स्पर्धा जालन्याला होती. आपल्या देऊळगाव राजाच्या पलीकडे लगेच जालना. माती विभागातून बाला अंतिम लढतीत आले. गादी विभागातून आला पुण्याचा अभिजित कटके. कटके म्हणजे आदल्याच वर्षी भूगावला महाराष्ट्र केसरी झालेला, वयाने तरुण, गादीवर तरबेज. जाणकारांचे पारडे साहजिकच त्याच्याकडे झुकलेले होते.

२३ डिसेंबर २०१८, रविवार. लढत संपली तेव्हा फलकावर ११-३ असे गुण होते. अकरा बाला रफिकचे. फ्रीस्टाइलमध्ये दहा गुणांचा फरक पडला की लढत तिथेच थांबवतात. इथे फरक आठचा, म्हणजे त्याच्या अगदी जवळ पोचलेला. गतविजेत्याला, तेही गादीवर, एवढ्या फरकाने हरवणे सोपे नव्हते.

पण त्या आनंदाला एक दुखरी बाजू होती. गणपतराव आंदळकर १६ सप्टेंबर २०१८ रोजी वारले होते. पठ्ठ्याच्या खांद्यावरची गदा पाहायला ते नव्हते. जेमतेम तीन महिन्यांचे अंतर पडले. बालांनी ही गदा आपल्या गुरूंनाच अर्पण केली.

खबीबची गोष्ट वडनेरच्या मुलाला ठाऊक होतीच. त्याचे वडील अब्दुलमनाप हेच त्याचे गुरू. ते जुलै २०२० मध्ये वारले. ऑक्टोबरमध्ये अबुधाबीला खबीबने एकोणतिसावी लढत जिंकली आणि तिथेच निवृत्ती जाहीर केली. वडिलांशिवाय लढणार नाही, असे त्याने आईला सांगितले होते. एकही लढत न हरलेला माणूस आईच्या शब्दासाठी थांबला. आम्ही मुलाला म्हणालो, "तू त्याचे डाव पाहिलेस. त्याचं घर पाहिलंस का?"

गदेनंतर

गदा मिळाली की गोष्ट संपते असे बाहेरून वाटते. पुढच्या स्पर्धेत, जानेवारी २०२० मध्ये बालेवाडीला, बाला आणि कटके दोघेही अंतिम लढतीआधीच हरले. बालांना माऊली जमदाडेने हरवले, कटकेला हर्षवर्धन सदगीरने. किताब सदगीरकडे गेला. दोन वर्षांपूर्वीचा विजेता, एक वर्षापूर्वीचा विजेता, दोघेही बाजूला. भारी गटाची कुस्ती अशीच असते. वरची जागा फार अरुंद आणि खालून चढणारे फार.

बालांच्या आधीही आपल्या समाजातल्या पैलवानांनी ही गदा मिळवली आहे. सोलापूरजवळच्या बोरामणीच्या एकाच शेख घराण्यात ती तीनदा आली: १९८० मध्ये इस्माईल शेख, १९९२ मध्ये आप्पालाल शेख, २००२ मध्ये मुन्नालाल शेख. एका घरात तीन महाराष्ट्र केसरी. पण याच आप्पालाल यांची अखेरची वर्षे आजारपणाशी झुंजण्यात गेली, हेही सांगितले पाहिजे. ज्या शरीराने नाव दिले ते शरीर म्हातारपणी हिशेब मागते. सराव सुटतो, खुराकाची सवय राहते, आणि मग वजन, साखर, रक्तदाब एकामागोमाग येतात.

ठोशांच्या खेळात यात आणखी एक भर पडते. मुहम्मद अलींना १९८४ मध्ये पार्किन्सन्सचे निदान झाले. तेव्हा ते अवघे बेचाळीस वर्षांचे होते. डोक्यावर बसलेल्या ठोशांचा त्यात वाटा असावा असे अनेक डॉक्टर मानतात. चेहऱ्यावर मारू नये, ही पैगंबरांची (स.) शिकवण आपल्या घरांत लहानपणापासून सांगितली जाते. कुस्तीत अंगाला अंग भिडते, पण तोंडावर मारण्याला तिथे जागा नाही. वडनेरच्या अब्बांना 'मारामारी' या शब्दाची जी भीती वाटत होती ती निराधार नव्हती. आम्ही मुलालाही तसे स्पष्ट सांगितले.

गदा आली, आखाड्याचे काय?

एक बोच आम्हाला आपल्या जिल्ह्याबद्दलही सांगायची आहे. गदा बुलढाण्याच्या नावावर आली, पण ती घडली खडकीत, कोल्हापुरात आणि पुण्यात. नांदुऱ्याला महामार्गावर १०५ फुटांची हनुमानाची मूर्ती आहे, लांबून लांबून लोक ती पाहायला येतात. त्याच रस्त्यावर राहणाऱ्या १०४ किलोच्या मुलाला मात्र सरावाला जोड सापडत नाही. बाहेरचा पैलवान आपल्याकडून लढला याचे आम्हाला वाईट वाटत नाही. त्याने आपले नाव मोठे केले. वाईट याचे वाटते की त्या गदेनंतर आपल्या मुलांना त्याचे नावही कोणी सांगितले नाही.

आम्ही बोलत होतो तेव्हा शेजारचे एक वयस्कर काका येऊन बसले होते. तरुणपणी जत्रेच्या फडात लढलेले. त्यांनी मुलाचा दंड चाचपला, मनगट पाहिले आणि म्हणाले, "बापू, वजन वाढवनं सोपं हाये. पेलनं कठीन हाये. गुडघे पाह्यले का कोन्या डॉक्टरले दाखवून?" एवढ्या चर्चेत आमच्यापैकी कोणालाच हे सुचले नव्हते.

घराने काय ठरवावे

त्या संध्याकाळी जे ठरले ते इथे लिहितो. कदाचित इतर घरांनाही उपयोगी पडेल.

पहिली गोष्ट, तपासणी. हृदय, रक्तदाब, साखर, गुडघे. भारी मूल म्हणजे ताकदवान मूल असे नसते. डॉक्टरांनी होकार दिल्याशिवाय सराव नाही. आणि जिममधला कोणी 'लवकर अंग भरेल' म्हणून इंजेक्शन किंवा गोळ्या देऊ लागला तर त्या जिमची पायरी पुन्हा चढायची नाही. शरीर जाते, आणि डोपिंगमध्ये सापडले तर बंदी येऊन नावही जाते.

दुसरी, शिक्षण. बारावी पूर्ण झालीच पाहिजे. राज्य शासनाच्या नोकऱ्यांत खेळाडूंना पाच टक्के आरक्षण आहे, पण त्यासाठी अधिकृत स्पर्धांची प्रमाणपत्रे लागतात आणि पदाला लागणारे शिक्षणही. नरसिंग यादव आणि विजय चौधरी हे प्रत्येकी तीन वेळा महाराष्ट्र केसरी झाले आणि पोलीस उपअधीक्षक झाले. मान्यताप्राप्त कुस्तीतून ही वाट निघते. एमएमएमधून आपल्याकडे अजून निघत नाही.

तिसरी, क्रम. आधी कुस्ती. दोन-तीन वर्षे वस्तादाच्या हाताखाली, माती आणि गादी दोन्ही. पिंजऱ्याचा विचार अठरा वर्षे पूर्ण झाल्यावर, तोही कुस्तीत काही करून दाखवल्यावर. अर्जन भुल्लर ऑलिंपिक करून मग तिकडे गेला, हे मुलाने स्वतःच कबूल केले.

चौथी, खुराक. हा मुद्दा आम्ही सर्वांत जास्त वेळ बोललो. पैलवान एकटा जेवतो, पण त्याच्या ताटाचा भार सगळे घर उचलते. आपल्याकडे अनेकदा असे होते की मुलाच्या दुधासाठी मुलीची फी मागे राहते, आणि कोणी तसे बोलूनही दाखवत नाही. मूकपणे होते. तसे होऊ देऊ नका. खबीबने लढत सोडली ती आईला दिलेल्या शब्दासाठी. बहिणीचा हक्क मारून वाढवलेल्या अंगाने जिंकलेली गदा घरात आणायची कशी? सुरुवातीच्या वर्षी बदाम-मटण लागतच नाही. घरची भाकरी, डाळ, हरभरे, शेंगदाणे, अंडी, दूध यावर पाया उत्तम घालता येतो.

अब्बा बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "आधी हिचं अ‍ॅडमिशन. याची बारावी झाली की उन्हाळ्यात दोन महिने कोल्हापूरला पाठवून पाहतो. वस्ताद ठेवून घेतो म्हणाले तर पुढचं पाहू. नाही म्हणाले तर दुकान आहेच." मुलगा म्हणाला, "मंजूर." बहीण आत गेली आणि सगळ्यांसाठी पुन्हा चहा घेऊन आली. या वेळी ती आमच्यात बसली.

निघताना मुलाने आमच्याकडून बाला रफिक शेख हे नाव कागदावर लिहून घेतले. दुकानात हवेच्या मशीनच्या वर, ट्रान्स्पोर्टच्या कॅलेंडरशेजारी, तो ते चिकटवणार होता. खाली '११-३' एवढे आकडे त्याने स्वतःच लिहिले. महामार्गावरून ट्रक जातच होते. एक टायर घेऊन कोणी आला, तसा तो उठला आणि कामाला लागला.